वाळूजला मुलाखतीला निघण्याआधी: आयटीआय झालेल्यांसाठी पायरीपायरीने

मी सेलू तालुक्यातला. परभणीला फिटर ट्रेडने आयटीआय केलं आणि मार्कशीट हातात पडल्यावर चौथ्या दिवशी पिशवी घेऊन छत्रपती संभाजीनगरला उतरलो. तिथून कंपनीच्या पे-रोलवर नाव लागेपर्यंत साडेतीन वर्षं गेली. त्यातलं अप्रेंटिसचं वर्ष शिकण्यात गेलं, त्याचं वाईट वाटत नाही. उरलेली अडीच वर्षं मात्र न कळण्यात गेली. आज मी तिथल्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लाईन लीडर आहे आणि नवी मुलं घ्यायची असली की ट्रेड टेस्टला एचआरवाले मला बसवतात. हिंगोली, बीड, जालना, परभणीकडची पोरं समोर येतात. हाताला काम असतं, पण पुढे काय विचारणार, कोणत्या कागदावर सही करायची, हेच माहीत नसतं. चांगली पोरं अशी परत जाताना बघवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

१. आधी समजून घ्या: गेट एक, नोकऱ्या चार

गावाकडून बघताना 'कंपनीत लागला' एवढंच दिसतं. एकाच लाईनवर, एकाच रंगाच्या शर्टात उभी असलेली चार माणसं चार वेगळ्या कागदांवर काम करत असतात.

अप्रेंटिस: १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली, सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर करार होतो. पगाराऐवजी विद्यावेतन मिळतं. पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) लागू नसतं. शेवटी परीक्षा होऊन एनएसी, म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. मुदत संपल्यावर कंपनीने तुम्हाला ठेवून घ्यायलाच हवं असं बंधन कायद्यात नाही, हे पहिल्या दिवशीच मनाला सांगून ठेवा. तरीही आयटीआयनंतर लगेच अप्रेंटिसच करा असं मी म्हणेन. एनएसी पुढे कामाला येतं. रेल्वेच्या लेव्हल १ भरतीत २० टक्के जागा रेल्वेतच अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांसाठी असतात, आणि खासगी कंपनीतही 'एक वर्ष मशीनवर उभा राहिलाय' याला वजन असतं.

कॉन्ट्रॅक्ट: काम कंपनीत, पगार ठेकेदाराकडून. पीएफ आणि ईएसआयसी ठेकेदाराने भरायचं असतं.

टेम्पररी, ट्रेनी किंवा फिक्स टर्म: कागद कंपनीचाच असतो, पण मुदतीचा. बऱ्याच ठिकाणी सात महिने किंवा अकरा महिने झाले की ब्रेक देतात.

पे-रोल किंवा कंपनी रोल: कायम नोकरी. आधी प्रोबेशन, मग कन्फर्मेशनचं पत्र.

यातलं कोणतंच कमी दर्जाचं नाही. पे-रोलवर येण्याआधी बाकीच्या तिन्हींतून मी गेलोय. फक्त आपण कशात आहोत हे माहीत पाहिजे. मुलाखतीला बोलावणारा फोन आला की पहिला प्रश्न हाच विचारा: "साहेब, हे कंपनी रोलवर आहे का कॉन्ट्रॅक्टवर?" विचारल्याने संधी जात नाही. मी स्वतः लाजून विचारलं नव्हतं. सहा महिने एका मोठ्या कंपनीत 'लागलो' म्हणून गावाकडे सांगत होतो, आणि पहिल्या पगाराच्या स्लिपवर भलत्याच एजन्सीचं नाव होतं.

२. कागदपत्रं: झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवा

फाईलमध्ये हे लावून ठेवा:

- दहावीचं मार्कशीट आणि बोर्डाचं प्रमाणपत्र (बारावी केली असेल तर तेही)
- शाळा सोडल्याचा दाखला
- आयटीआयची सगळी मार्कशीट आणि एनटीसी (राष्ट्रीय ट्रेड प्रमाणपत्र)
- अप्रेंटिस केलं असेल तर एनएसी
- आधार, ज्याला तुमचा चालू मोबाईल नंबर जोडलेला आहे असं
- पॅन कार्ड
- बँक पासबुकच्या पहिल्या पानाची झेरॉक्स किंवा रद्द केलेला चेक
- पासपोर्ट साईज फोटो, किमान आठ
- आधी काम केलं असेल तर अनुभवाचं पत्र, रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन पगाराच्या स्लिप, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) आणि ईएसआयसी नंबर
- आई-वडिलांच्या आधारची झेरॉक्स, कारण नॉमिनी आणि ईएसआयसीच्या फॉर्मला ती लागते
- पोलिसांकडचा चारित्र्य पडताळणीचा दाखला. तो बऱ्याच कंपन्या निवड झाल्यावर मागतात. यायला दिवस लागतात, म्हणून ऑनलाईन अर्ज आधीच टाकलेला बरा.

झेरॉक्सचे दोन संच घ्या. एमआयडीसीत कंपनीच्या गेटजवळ झेरॉक्सचं दुकान मिळेलच असं नाही.

आता नावाचं बघा. मराठवाड्यातल्या निम्म्या पोरांचं गाडं इथं अडतं. दहावीला शाळेने आडनाव आधी लिहिलं, आधारवाल्याने शेवटी लिहिलं, वडिलांच्या नावात कुठे 'राव' लागलं, कुठे गळलं. जन्मतारीख शाळेत १ जून, आधारवर १ जानेवारी. मुलाखतीत हे कोणी बघत नाही. पीएफचं खातं उघडताना आधारशी जुळवणी होते आणि तिथं अडकतं. दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन आणि बँक या चारही ठिकाणी नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर सारखी आहे का, हे आजच बसून तपासा. वेगळं असेल तर दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण धरून आधार केंद्रावर दुरुस्ती करा. नोकरी लागल्यावर यासाठी रजा काढावी लागते, आणि नव्या माणसाला रजा मागणं जड जातं.

ओरिजिनल कागद कोणाकडे ठेवू नका. एका ठेकेदाराने "पडताळणीला लागतात, आठ दिवसांत देतो" म्हणून माझी सगळी मार्कशीट ठेवून घेतली होती. परत मिळाली सातव्या महिन्यात. मधल्या काळात एका चांगल्या कंपनीचं पे-रोलचं बोलावणं आलं. ओरिजिनल दाखवता आली नाहीत म्हणून त्यांनी मला बाहेरच बसवलं आणि संध्याकाळी दुसऱ्या मुलाला घेतलं. ती नोकरी मिळाली असती तर माझी दोन वर्षं वाचली असती. कागद मागितले तर समोर बसून दाखवायचे, झेरॉक्सवर सही करून द्यायची आणि ओरिजिनल फाईलमध्ये घालून उठायचं. डिजिलॉकरचं खातं काढून जे मिळेल ते त्यात आणून ठेवा.

३. जागा निघाल्याचं कुठं कळतं

आयटीआयच्या प्लेसमेंट विभागात पास झाल्यावरही जात राहा. कंपन्या तिथंच फोन करतात, आणि सर त्यांना समोर दिसणाऱ्या मुलाचं नाव आधी सांगतात. सरकारच्या महास्वयम पोर्टलवर नाव नोंदवा. जिल्हा कौशल्य विकास आणि रोजगार केंद्राचे मेळावे तिथंच जाहीर होतात. आपल्या गावचा कोणी आत असेल तर त्याला बायोडाटा पाठवून ठेवा, कारण जागा निघाली की आतल्याला आधी कळतं.

पैशाबद्दल एकच नियम ठेवा: नोकरीसाठी एक रुपयाही द्यायचा नाही. रजिस्ट्रेशन, गेटपास, ड्रेस-बूट, ट्रेनिंग, मेडिकल, 'साहेबांना द्यायचे', नाव काहीही असो. मोठ्या कंपनीच्या नावाचं शिक्का मारलेलं ऑफर लेटर व्हॉट्सॲपवर येतं आणि खाली लिहिलेलं असतं की अमुक रक्कम भरा, रुजू झाल्यावर परत मिळेल. ज्यांनी मुलाखत घेतली नाही ते नोकरी देतात कसे, एवढं मनाला विचारा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ते पैसे पुढे जाण्याआधी अडकण्याची शक्यता जास्त.

४. पोचायचं कसं

पत्ता नीट वाचा. 'एमआयडीसी, औरंगाबाद' एवढंच बघून निघालेली मुलं चुकीच्या टोकाला उतरतात. शेंद्रा आणि चिकलठाणा जालना रोडवर आहेत, वाळूज त्याच्या बरोबर उलट दिशेला नगर रोडवर, आणि चितेगाव पैठण रोडवर. जालन्याकडून एसटीने येत असाल तर करमाडनंतर शेंद्रा आधी लागतं. तिथं मुलाखत असेल तर शहरात जाऊन परत यायची गरज नाही. वाळूजसाठी बाबा पेट्रोल पंप, नगर नाका, गोलवाडी, पंढरपूर असा रस्ता आहे. प्लॉट नंबरच्या आधीचं अक्षर, म्हणजे के, एम, ई, हे सेक्टरचं असतं. रिक्षावाल्याला कंपनीच्या नावासोबत सेक्टर सांगा.

हे पंढरपूर म्हणजे आपलं वाळूजचं छोटं पंढरपूर. आषाढी एकादशीला इथं मोठी गर्दी होते आणि नगर रोडची वाहतूक वळवतात. त्या दिवशी मुलाखत असेल तर दोन तास आधी निघा.

लांबून येणाऱ्यांनी आदल्या दिवशीच यावं. रात्रभर एसटीत उभं राहून सकाळी नऊला परीक्षेला बसलेला मुलगा मला चेहऱ्यावरून ओळखू येतो. बजाजनगर, रांजणगाव, जोगेश्वरीत आपल्याकडच्या मुलांच्या खोल्या आहेत, कोणाकडे तरी एक रात्र पाठ टेका. पायात बूट घाला. चप्पल घातलेल्याला शॉपमध्ये सोडत नाहीत, आणि ट्रेड टेस्ट शॉपमध्येच असते.

५. लेखी परीक्षा आणि ट्रेड टेस्ट

लेखी परीक्षेत टक्केवारी, सरासरी, एककं, ट्रेडचे सोपे प्रश्न आणि थोडं सुरक्षेचं असतं. फाईव्ह एस म्हणजे काय, कोणत्या आगीला कोणतं अग्निशामक, पीपीईत (अंगावर घालायच्या सुरक्षा साधनांत) काय काय येतं, एवढं वाचलं तरी चालतं. खरी निवड ट्रेड टेस्टला होते.

मी मुलाच्या हातात व्हर्नियर, म्हणजे माप घ्यायचं साधन देतो आणि एक जॉब, म्हणजे मापायचा तुकडा देतो. "व्हर्नियर म्हणजे काय?" असं विचारत नाही, कारण व्याख्या सगळ्यांना पाठ असते. मी फक्त "वाच बरं" म्हणतो. दहातले सहा तिथं थांबतात. घरी एकदा करून बघा. मेन स्केलवर २३ मिमी गेले आणि व्हर्नियरची १७ वी रेघ जुळली. लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ असेल तर १७ गुणिले ०.०२ म्हणजे ०.३४. माप झालं २३.३४ मिमी. माप घेण्याआधी जबडे पुसून, मिटवून शून्य बघतो तो मुलगा मला लगेच आवडतो. मिटवल्यावर ०.०४ जास्त दाखवत असेल तर ते वजा करायचं, म्हणजे खरं माप २३.३०. मायक्रोमीटरचंही तसंच, तिथं लीस्ट काउंट ०.०१.

दुसरा आवडता प्रश्न: एम १० चा टॅप मारायचाय, पिच १.५ आहे, ड्रिल कितीचं घेशील? दहातून दीड वजा करा, साडेआठ. सीएनसीवाल्यांना जी-००, जी-०१, एम-०३, एम-०५, एम-३० हे प्रोग्रामचे कोड विचारतात आणि ऑफसेट कधी बदलायचा ते. इलेक्ट्रिशियनला स्टार-डेल्टा स्टार्टर का लावतात हे विचारतातच. सुरुवातीचा करंट कमी ठेवायला, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

उत्तर येत नसेल तर "सर, हे मी केलेलं नाही, पण याच्या जवळचं हे केलंय" असं सांगा. माझ्याकडे एक मुलगा आला होता. त्याला हाईट गेज माहीत नव्हतं. त्याने तसं सांगितलं आणि म्हणाला, "एकदा दाखवा." दाखवलं, आणि त्याने लगेच बरोबर माप काढून दिलं. आम्ही तोच घेतला. त्या दिवशी अंदाजाने आकडे फेकणारे चार जण परत गेले.

मशीनला न विचारता हात लावू नका. हाताला कडं, गळ्यात साखळी असेल तर आधी काढून ठेवा. हे बघणारा माणूस कोपऱ्यात उभा असतोच.

६. एचआरची मुलाखत

मराठीत बोललं तर चालतं. काही ठिकाणी साहेब बाहेरचे असतात, तिथं हिंदी. इंग्रजी येत नाही म्हणून खाली मान घालू नका. स्वतःबद्दल सांगताना नाव, गाव, ट्रेड, आयटीआयत किंवा अप्रेंटिसला हाताने केलेलं एखादं काम आणि त्यात तुम्हाला काय जमतं, एवढं दीड मिनिटात सांगा.

मग खरे प्रश्न येतात, आणि ते आपल्या भागातल्या मुलांना हमखास येतात. "गावाकडे शेती किती?" हा चौकशीचा प्रश्न नसतो. जूनमध्ये पेरणी, दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी, तेव्हा लाईनवरची मुलं न सांगता गावी जातात आणि उत्पादन बंद पडतं, हा त्यांचा अनुभव आहे. "शेतीच नाही" असं खोटं सांगू नका. "पाच एकर आहे, वडील आणि थोरला भाऊ बघतात, काढणीला मी आधी सांगून दोन दिवस रजा घेईन" हे उत्तर त्यांना पटतं, कारण ते खरं वाटतं. शेतीची खरी परिस्थिती अशी नसेल, घरी तुमच्याशिवाय कोणी नसेल, तर तेही आधी घरात बसून ठरवा.

दुसरा प्रश्न: "पोलीस भरती किंवा एमपीएससी करता का?" आपल्याकडे जवळजवळ सगळेच कधी ना कधी फॉर्म भरतात. भरला असेल तर भरला म्हणा आणि किती दिवस थांबणार तेही सांगा. तिसरा: "तिन्ही शिफ्ट चालतील ना?" हो म्हणण्याआधी राहायची जागा आणि कंपनीची बस कुठून कुठपर्यंत आहे ते विचारा. मुलींनी रात्रपाळी आहे का आणि असेल तर घरापर्यंत गाडी मिळते का, हे मोकळेपणाने विचारावं. तो हक्काचा प्रश्न आहे.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" म्हणतील. तेव्हा गप्प बसू नका. पगार हातात किती, रोल कोणता, आठवड्याची सुट्टी कोणती, कळवणार कधी, हे चार विचारा. आठ दिवसांत फोन आला नाही तर एक नम्र मेसेज टाका, आणि तोवर दुसरीकडच्या मुलाखती देत राहा.

७. मेडिकल

उंची, वजन, बीपी, रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, कान, डोळे, हर्निया आणि रंग ओळखण्याची तपासणी. ठिपक्यांमधला आकडा वाचायला सांगतात ती शेवटची. माझ्या सोबतच्या एका इलेक्ट्रिशियन मित्राला आपल्याला लाल-हिरवा वेगळा दिसत नाही हे निवड झाल्यावर, मेडिकलच्या खोलीत कळलं. दोन वर्षं ट्रेड शिकल्यावर. तो दिवस त्याला फार जड गेला. पुढे स्टोअरमध्ये लागला, आज चांगला आहे, पण हे आधी कळलं असतं तर ट्रेड वेगळा घेतला असता. तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चौकशी करून ही तपासणी आयटीआयला प्रवेश घेण्याआधीच करून घ्या. धाकट्या भावंडांनाही सांगा.

बीपी जागरणाने वाढतो. आदल्या रात्री झोपा, सकाळी तंबाखू-गुटखा नको. वाढलाच तर घाबरू नका, बऱ्याचदा अर्ध्या तासाने पुन्हा बघतात.

८. ऑफर लेटर: वर नाव कोणाचं, खाली आकडा कोणता

कागद हातात आला की आधी लेटरहेड बघा. ज्या कंपनीचं नाव तिथं आहे ती तुमची मालक. मुदत, नोटीस पिरियड आणि बाँड आहे का ते वाचा. कळत नसेल तर "उद्या सही करून आणतो" म्हणा आणि जाणत्या माणसाला दाखवा.

आता पगार. '२२ हजार' ऐकून घरी फोन करण्याआधी ते सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च आहे का विचारा. एक उदाहरण मांडतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता १३,०००, इतर भत्ते ५,०००, म्हणजे ग्रॉस १८,०००. यातून तुमचा पीएफ १२ टक्क्यांनी १,५६० जातो. ईएसआयसी ग्रॉसच्या ०.७५ टक्के, १३५. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. हातात आले १६,१०५. कॅन्टीन आणि बसचे कापत असतील तर आणखी कमी. कंपनी तुमच्या नावावर पीएफचे १,५६०, ईएसआयसीचे ५८५, ग्रॅच्युइटीचे साधारण ६२५ आणि बोनसचे १,०८३ धरते. सगळं मिळून सीटीसी २१,८५३. यात कोणी फसवलेलं नाही, फक्त तो आकडा हातातला नाही. मुलींना महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही, तो कापलेला दिसला तर विचारा.

ओव्हरटाईम कारखान्यात दुप्पट दराने असतो. सिंगल देतो म्हणणारा ठेकेदार भेटला तर ते लेखी मागा.

९. रुजू झाल्यावर

पगार पुढच्या महिन्याच्या ७ ते १० तारखेला येतो. महिन्याच्या मध्यात रुजू झालात तर काही ठिकाणी पहिला पगार त्याच्याही पुढे जातो. खोलीचं डिपॉझिट, मेस आणि गाडीभाडं मिळून दीड महिन्याची तरतूद करून या. माझ्या पहिल्या महिन्यात आईने तुरीची एक गोणी विकून पैसे पाठवले होते.

पहिल्या दिवशी खूप फॉर्म येतात. कोऱ्या कागदावर, कोऱ्या व्हाउचरवर किंवा तारीख न टाकलेल्या राजीनाम्यावर सही करू नका. आधी पीएफ खातं असेल तर जुनाच यूएएन द्या, नाहीतर दोन खाती होतात आणि पैसे एकत्र करताना वर्ष जातं. नॉमिनी म्हणून आई किंवा वडिलांचं नाव आधारप्रमाणे लिहा.

ईएसआयसीचा नंबर मिळाला की त्यात आई-वडिलांची नावं चढली आहेत का बघा. तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांच्या उपचारालाही ते लागू होतं.

दोन पगार झाले की उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडा. वर मालकाचं नाव येतं आणि खाली दर महिन्याचा भरणा. पगाराच्या स्लिपवर १,५६० कापलेले दिसतात आणि पासबुकात काहीच नाही, असं झालं तर स्लिपची झेरॉक्स घेऊन आधी एचआरकडे जा, मग लेखी अर्ज द्या. तिथं दाद लागली नाही तर शहरातल्या भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात तक्रार घेतात. माझ्या ठेकेदाराकडचे चार महिन्यांचे पैसे मी तसेच मिळवले, कारण मी प्रत्येक स्लिप जपून ठेवली होती.